भादव्यातला मका, येळवशीची भज्जी

मागच्या खेपेला परसबागेवर बोललो, तेव्हापासून बऱ्याच जणींनी एकच गोष्ट विचारली. घरामागं चार-सहा ओळी गोड मका लावला, तो सगळा एकदमच तयार झाला, पोरांनी आठ दिवस भाजून-उकडून खाल्ला, उरलेल्याचं काय करायचं? बाजारात न्यावा तर त्याच वेळी सगळ्यांचा मका येतो आणि कुणी विचारत नाही. शेवटी म्हशीपुढं टाकला. आता थंडीत पोरं मका मागतात आणि आपण दुकानातून पाकीट आणतो.

आमच्या गटातही दोन वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी आम्ही ठेवायचं ठरवलं. त्यातलं काही जमलं, काही वाया गेलं, आणि एका प्रकारात तर थोडक्यात वाचलो. तेच आज सांगायचंय.

आधी एक कबुली. आपल्या नांदेड-लातूरकडं थंडीत खायला काही कमी नसतं. हुरडा असतो, हरभऱ्याचा घोळाणा असतो, तुरीच्या शेंगा असतात, वांगी-मेथी मायंदाळ असते. आपली खरी टंचाई चैत्र-वैशाखात. म्हणून तर आपल्या सासवा गवार, मेथी, कारल्याच्या काचऱ्या वाळवून गाडग्यात भरून ठेवायच्या. पण मका भादव्यातला, आणि तो येळवशीच्या भज्जीत, संक्रांतीच्या आमटीत, पोरांच्या डब्यात पुरवता आला तर का सोडायचा? वाळवलेला नीट ठेवला तर शिमगा ओलांडूनही जातो.

अडचण मोसमाची आहे. मृगात पेरलेला गोड मका अडीच महिन्यांत, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात हाताशी येतो. त्या दिवसांत आपल्याकडं ऊन असतं कुठं? आभाळ भरलेलं, हवा ओली, आणि परतीचा पाऊस तर कधी कधी आषाढ-श्रावणाची सगळी कसर काढतो. पापड-कुरडया आपण उन्हाळ्यात वाळवतो, त्या दोन दिवसांत खणखणीत होतात. तोच हिशोब भादव्यात मक्याला लावला की मका आंबतो. पहिल्या वर्षी आम्ही माळवदावर साडी अंथरून दाणे पसरले. दुपारी भुरभुर आली, दाणे गोळा केले, परत पसरले, परत गोळा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडीखालून आंबूस वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी काळे ठिपके. सगळं उकिरड्यावर.

त्याच्याआधी थोडं मक्याविषयी. आपल्या आज्या जो मका कडीला टांगून ठेवायच्या तो देशी मका. तो ताटावरच पिकायचा, वाळायचा, दाणा दगडासारखा व्हायचा. वरची पानं मागं ओढून त्यांची वेणी घालायची आणि चुलीच्या वर, धुरात टांगायची. धुरामुळं कीड कमी, आणि ऊब कायम. गोड मका तसा टांगायला जाऊ नका. आम्ही गेलो होतो. त्याच्या दाण्यात पिठाऐवजी साखर असते, साल पातळ असते, वाळताना दाणा सुरकुततो आणि त्या सुरकुत्यांत बुरशी बसते. ताटावरच वाळू द्यावा म्हटलं तर पावसात कणसातच कोंब फुटतात. गोड मका चिकात असतानाच काढायचा आणि लगेच त्याच्या मागं लागायचं.

चिकात म्हणजे कधी? केसर बाहेर पडल्यापासून साधारण वीस दिवसांनी. केसर वाळून तपकिरी होतं, पण पानं अजून हिरवी असतात. टोकाकडचं पान जरा बाजूला करून दाण्याला नख लावा. पाण्यासारखा रस आला तर दोन दिवस थांबा. दुधासारखा चीक आला तर आजच. नखाला घट्ट पिठूळ लागलं तर उशीर झाला, ते कणीस आता भाजीला नको, वाळवून भरड्याला ठेवा.

आणि कणीस तोडायचं ते पहाटे, गार असताना. तोडल्यावरही दाणा जिवंत असतो, आतल्या साखरेचं पीठ करत राहतो. साध्या गोड मक्याचं कणीस तीस अंशांच्या उबेत पडून राहिलं तर एका दिवसात त्यातली निम्म्याहून जास्त साखर जाते. अलीकडच्या जास्त गोड बियाण्यात ती सावकाश जाते, पण जातेच. म्हणून बाजारातून आणलेलं दोन दिवसांचं कणीस वाळवून ठेवायच्या भानगडीत पडू नये, ते उकडून खाऊन टाकावं. आमचा नेम असा झालाय: पहाटे तोडणी, न्याहारीच्या आत उकळतं पाणी, दुपारच्या आत दाणे पसरलेले. ज्या दिवशी दुसरं मोठं काम असेल, लग्न असेल, खुरपणीला जायचं असेल, त्या दिवशी मका तोडायचाच नाही.

उकळतं पाणी का, हे आम्हालाही आधी कळत नव्हतं. कच्चे दाणे सरळ वाळवले तर काय बिघडतं? बिघडतं असं, की दाण्याच्या आतली ती साखरेचं पीठ करणारी क्रिया वाळवतानाही चालूच राहते. रंग काळपट होतो, चव भुसकट लागते. उकळत्या पाण्यात कणीस बुडवलं की ती क्रिया थांबते. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, सोललेली कणसं टाका, पाणी परत उकळायला लागल्यापासून चार-पाच मिनिटं. जास्त नाही, आपल्याला ती शिजवायची नाहीत. बाहेर काढली की लगेच रांजणातल्या गार पाण्यात. गार झाली की कापडानं पुसायची, मग कणीस उभं धरून सुरीनं दाणे कापायचे. अगदी मुळापासून नाही, वरचे दोन भाग. खोल कापलं की मधल्या गाभ्याचा भुसा दाण्यात येतो आणि खाताना दातात अडकतो.

ते उकळलेलं पाणी फेकू नका. गोडसर असतं, वरणाला घ्या, नाहीतर कोंड्यात कालवून म्हशीला द्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरनं प्यायलंय, आमच्यातल्या दोघी तेव्हा लातूरलाच राहायच्या. त्यांच्या हातून अजून तांब्याभर पाणी वाया जात नाही. उरलेला गाभाही जनावरं खातात.

आता वाळवण. जमिनीवर, पत्र्यावर, प्लास्टिकच्या कागदावर पसरायचं नाही. प्लास्टिकवर खालून घाम सुटतो. बाज घ्या, दोरीनं विणलेली. तिच्यावर जुनी सुती साडी ताणून बांधा आणि तिच्यावर दाणे एका थरात पसरा, एकावर एक नको. वरून मच्छरदाणीचा तुकडा. म्हणजे वरून वारा, खालून वारा. दर तासाला हात फिरवायचा. ऊन असेल तर अंगणात, नसेल तर पडवीत, जिथं वारा वाहतो तिथं. वीज असेल तर पंखा लावा, त्याच्यासमोर बाज तिरकी करून ठेवा. उन्हापेक्षा वाऱ्यानं जास्त वाळतं, हे आम्हाला त्या पावसाळ्यात कळलं.

पहिला दिवस सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळपर्यंत दाण्याचा वरचा ओलावा गेलाच पाहिजे, हाताला चिकट लागता कामा नये. आभाळ आलं आणि तसं झालं नाही, तर रात्री दाणे झाकून ठेवून झोपायचं नाही. ताटात पसरून चुलीच्या वैलावर ठेवा, स्वयंपाक झाल्यावर जी धग उरते ती पुरते. ताट इतकंच तापावं की बोट टेकवून ठेवता येईल. चटका बसत असेल तर दाणा वरून कडक होतो आणि आतून ओला राहतो, तो पुढं बरणीत बुरशी धरतो. सकाळी परत बाजेवर. असं तीन दिवस, कधी चार.

झालं हे कसं ओळखायचं? दाणा सुरकुतून मेथीदाण्याहून जरासा मोठा राहतो. वाटीत टाकला की टणटण वाजतो. उलथन्याखाली दाबला की तुटतो, चेपत नाही. चेपला तर अजून एक दिवस. दहा मोठ्या कणसांचे किलोभराच्या आसपास ओले दाणे निघतात, आणि वाळल्यावर पाव किलोपेक्षा थोडे जास्त उरतात. एवढंसं राहिलेलं बघून पहिल्यांदा वाईट वाटतं. पण उडालं ते सगळं पाणी.

लगेच घट्ट झाकण लावून ठेवून देऊ नका. काचेची बरणी पाऊण भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेच्या आतून दमट धूर दिसला किंवा दाणे एकमेकांना चिकटले, तर परत बाजेवर. आठवड्यानंतरही कोरडे राहिले तर मग लहान लहान बरण्यांत भरा. एक मोठा डबा सारखा उघडला की प्रत्येक वेळी ओली हवा आत जाते. वर्षभर पुरणाऱ्या डब्यापेक्षा महिन्याच्या चार बरण्या बऱ्या. किडीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला वर ठेवतात, आम्हीही ठेवतो, पण ओला पाला टाकलात तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल.

देशी मक्याचे, भरड्याचे दाणे ठेवणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. कोरडी बाटली घ्या. तव्यावर परतून गार केलेलं जाडं मीठ दोन-तीन चमचे टाका. बाटलीचा तिसरा हिस्सा भरेल इतके दाणे टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी आहे, कणगीत भरू नका. मीठ खाली सुटं राहिलं तर भरा.

एवढा जीव का काढायचा, असं आमच्यातल्याच एका काकूंनी विचारलं होतं. थोडी बुरशी आली तर पाखडून, धुऊन खाऊ, आजवर काय मेलो का? त्यांना आम्ही १९७४ ची गोष्ट सांगितली. गुजरातेतला पंचमहाल आणि त्याला लागून राजस्थानातला बांसवाडा, दोन्हीकडं लोकांचं रोजचं अन्न मका. त्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस पडला, मका ओलाच घरात भरला गेला, त्याच्यावर बुरशी आली. गरिबाघरी दुसरं काही नव्हतं, तोच दळून खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. गावातली कुत्रीही मेली. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, ते यकृतावर घाव घालतं. आपण रोज मक्याची भाकरी खात नाही, म्हणून आपल्याला तेवढा धोका नाही. पण ते विष धुऊन जात नाही, भाकरी भाजली तरी पुरतं जात नाही. काळा-हिरवा ठिपका असलेला दाणा कोंबडीलाही घालू नका. काकू त्यावर काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी आपली कणगी उपसून बसल्या होत्या.

आता बाटल्यांचं. थोडक्यात वाचलो म्हटलं ते हे. गेल्या भादव्यात आमच्यातल्या एकीनं मोबाईलवर बघितलं: दाणे उकडायचे, मीठ-पाण्यात काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचे, झाकण घट्ट लावायचं, बाटली तासभर पातेल्यात उकळायची, वर्षभर टिकतात. बारा बाटल्या केल्या. फडताळात रांगेत लावल्या, बघायला इतक्या छान दिसत होत्या की येणारी-जाणारी विचारायची. दिवाळीच्या आसपास तिच्या धाकट्या जावेनं हाक मारली, "वैनी, या एका बाटलीचं झाकण फुगलंय बघा." उघडायला गेल्या तर फस्स झालं. बाकीच्या अकरा चांगल्याच दिसत होत्या. फुगलेली तेवढी टाकू, बाकीच्या खाऊ, असंच त्यांचं ठरलं होतं. योगायोगानं त्या दिवशी गटाची बैठक होती आणि विषय निघाला.

मक्यात आंबटपणा नाही. मातीत एक जंतू असतो, त्याचं बी शंभर अंशाच्या पाण्यात तासन् तास उकळलं तरी मरत नाही. हवाबंद, ओल्या, आंबट नसलेल्या जागी ते बी जागं होतं आणि विष तयार करतं. बोटुलिझम म्हणतात त्या विषबाधेला. आपण उकळून बाकीचे सगळे जंतू मारले, हवा काढली, झाकण लावलं, म्हणजे त्या एकट्यासाठी घर सारवून ठेवलं. दर वेळी वास येतोच असं नाही, झाकण फुगतंच असंही नाही. कारखान्यात डबाबंद मका वाफेच्या दाबाखाली एकशेवीस अंशाच्या वर ठराविक वेळ तापवतात, त्याची मोजमापं असतात. आपल्या घरचा कुकर डाळ शिजवायला आहे. बाटलीच्या मधोमध किती तापलं हे कुकरच्या शिट्ट्यांवरून कळत नाही, आणि बाटली फुटली तर ते वेगळंच.

बाराही बाटल्या आम्ही झाकणासकट शेताच्या कडेला खोल खड्ड्यात पुरल्या. जनावरांना दिल्या नाहीत. फुगलेल्या बाटलीचा रस जिथं सांडला होता ती जागा आणि हात साबणानं धुतले, पुसायचं फडकं जाळलं. ती बाई चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिचा काय दोष, तिनं तर पोरांसाठीच केलं होतं. तुमच्यापैकी कुणाच्या फडताळात अशा बाटल्या असतील तर चाखून बघू नका. आणि असं काही खाऊन कुणाला एकाचे दोन दिसायला लागले, पापण्या जड झाल्या, बोबडं बोलणं, गिळता न येणं असं झालं, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगायचं.

तेलात बुडवलेला मका-लसूणही त्याच जातीचा, तो करायचाच तर वाटीभर करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

फ्रीज आहे त्यांच्यासाठी बर्फाच्या कप्प्याची सोय आहे. उकळणं, गार करणं, कापणं सगळं तेच. मग दाणे कापडावर कोरडे करून ताटात सुटे सुटे गोठवा आणि नंतर पिशवीत भरा, म्हणजे ढेकूळ होत नाही. पिशवीवर तारीख लिहा. आपल्या एका दाराच्या फ्रीजचा वरचा कप्पा काही दुकानातल्या डीप फ्रीजरसारखा गार नसतो, म्हणून दीड-दोन महिन्यांत संपवा. दिवसभर वीज गेली तर पिशवी दाबून बघा. आत बर्फ कचकचत असेल तर राहू द्या. मऊ पडली असेल पण अजून गार असेल तर त्याच दिवशी उसळ करा, परत गोठवू नका. कोमट झाली असेल तर टाकून द्या.

आमचं म्हणाल तर यंदा आम्ही वेळच बदलली. मृगाला दोनच ओळी लावल्या, ताज्या खाण्यापुरत्या. ठेवायचा मका पोळ्याच्या सुमारास पेरला. तो नोव्हेंबरच्या शेवटाकडं तयार झाला. तेव्हा पाऊस नाही, आभाळ निळं, हवा कोरडी, दाणे दोन दिवसांत टणटणीत. चुलीच्या वैलाची गरजच पडली नाही. थंडीमुळं पीक आठ-दहा दिवस उशिरा येतं आणि पाणी दोन-तीनदा द्यावं लागतं, एवढंच. पेरताना एक लांब ओळ न करता चार आखूड ओळी शेजारी शेजारी करा. तुऱ्यातला पराग वाऱ्यानं केसरावर पडतो, एकच ओळ असली की तो भलतीकडं जातो आणि कणसं बोडकी राहतात. शेजारच्या वावरात देशी मका त्याच वेळी फुलत असेल तर आपल्या मक्याची गोडी कमी होते, म्हणून शेजारणीला आधी विचारून घ्या.

गट मोठा असेल तर सौर वाळवण यंत्राचा विचार करायला हरकत नाही. काचेखाली दाणे, खालून गरम हवा, पावसाची धास्ती नाही. नांदेड जिल्ह्यात सगरोळीला आणि लातूर जिल्ह्यात लातूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला विद्यापीठ आहे, तिथं जाऊन विचारा, एकटीनं न जाता चार-पाच जणी मिळून जा.

राहिली भज्जी. वाळलेले दाणे एक वाटी, कोमट पाणी दोन वाट्या, अर्धा-पाऊण तास भिजू द्या, मग त्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. वीस मिनिटं लागतात, जुने असतील तर जास्त. मीठ शेवटी घाला, आधी घातलं तर दाणा चिवट राहतो. येळवशीच्या आदल्या रात्री आपण तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलत बसतो, त्यांच्यातच हे शिजवलेले मूठभर टाकायचे. बेसन आणि आंबट ताकाच्या त्या दाट भज्जीत मक्याचा दाणा गोड लागतो. शेतात कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबिलाचे तांबे फिरले, की पोरं भज्जीतून पिवळे दाणे वेचून खातात. आमच्या एका सासूबाईंना ते आवडलं नाही. भज्जीत मका कुठं असतो का, म्हणाल्या. पण दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी ताट पुढं केलंच.